श्वानाचा खाऊ आणि श्वानाचा विरंगुळा

मनुष्याने माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्र्याइतका जुना सोबती दुसरा कोणी नाही. गाय, घोडा, शेळी, मेंढी ही मंडळी मनुष्य शेती करू लागला त्या सुमारास किंवा त्यानंतर त्याच्या दाराशी आली. कुत्रा मात्र मनुष्य अद्याप शिकारीवर जगत होता तेव्हाच त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराची सोबत ज्याने शेवटपर्यंत सोडली नाही, तो कुत्र्याच्याच रूपात होता. दत्तात्रेयांच्या तसबिरीत त्यांच्या पायांशी कुत्री असतात. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. बलिहरणात श्वानासाठी अन्नाचा भाग वेगळा काढून ठेवण्याचा परिपाठ जुन्या घरांतून पाळला जात असे. आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे, ती कोरडी राहू नये म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर लहान मुलांनाही ठाऊक आहेत.

म्हणजे कुत्र्याला प्रेमाने घास घालावा, हा संस्कार मराठी घराला नवा नाही. नवी आहे ती परिस्थिती. पूर्वीचा कुत्रा अंगणात, पडवीत, शेतावर किंवा वाड्याच्या देवडीवर राहत असे. त्याला मिळणारा घास बेताचा असे आणि तो मिळविण्यासाठी व पचविण्यासाठी त्याला दिवसभर हिंडावे लागे. रात्री गस्त, पहाटे गुरांमागे माळावर, दुपारी झाडाच्या सावलीत एक डोळा उघडा ठेवून विश्रांती, असा त्याचा दिनक्रम होता. आज इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील बहुमजली इमारतीत राहणारा कुत्रा दोन खोल्यांत वाढतो. घरातील मंडळी सकाळी कामाला जातात, मुले शाळेत जातात आणि हा सोबती सात-आठ तास बंद दाराकडे पाहत बसतो. संध्याकाळी मंडळी परत येतात तेव्हा त्याला एकटे ठेवल्याची रुखरुख त्यांच्या मनात असते, आणि ती घालविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बिस्किटाचा पुडा. पूर्वीच्या कुत्र्याला घास थोडा आणि काम पुष्कळ होते. आजच्या कुत्र्याला घास पुष्कळ आणि काम मुळीच नाही. त्याच्या बहुतेक दुखण्यांचे आणि खोड्यांचे मूळ या उलटापालटीत आहे.

ही गोष्ट किरकोळ नाही, हे दाखविणारा एक दीर्घ प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. लॅब्राडोर जातीच्या 48 पिलांच्या 24 जोड्या केल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील एका पिलाला जेवढे अन्न दिले जाई, त्याच्या तीनचतुर्थांश दुसऱ्याला दिले जाई. अन्न तेच, फरक केवळ मापाचा. हा क्रम त्या कुत्र्यांच्या सबंध आयुष्यभर चालला. शेवटी असे आढळले की, कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान 13 वर्षे, तर अधिक खाणाऱ्या गटाचे 11.2 वर्षे भरले. सांधेदुखीसारखी म्हातारपणाची दुखणीही पहिल्या गटात उशिरा सुरू झाली. जवळजवळ दोन वर्षांचे आयुष्य केवळ वाटीच्या मापावर अवलंबून होते. कुत्र्याचे आयुष्य मुळातच दहा-बारा वर्षांचे. त्यातील दोन वर्षे म्हणजे माणसाच्या हिशेबाने एक तपाहून अधिक काळ होय. प्रेमाने भरविलेला जास्तीचा घास हा प्रेमाच्या विषयाचेच आयुष्य कमी करीत असतो, ही गोष्ट कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात घेण्यासारखी आहे.

मग खाऊ द्यावाच की नाही? अवश्य द्यावा, मात्र मापाने द्यावा. पशुवैद्यकातील सर्वमान्य नियम असा आहे की, दिवसभरात कुत्र्याला लागणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी दहाव्या हिश्श्याहून अधिक भाग खाऊचा नसावा. उरलेले नऊ हिस्से त्याच्या नेहमीच्या, समतोल आहाराचे असावेत. हा नियम आकड्यांत मांडला म्हणजे त्याचा अर्थ नीट उमगतो. 10 किलो वजनाच्या, वयात आलेल्या आणि घरातच वावरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 600 कॅलरी पुरतात. त्याचा दहावा हिस्सा 60 कॅलरी. चहाबरोबर खाल्ले जाणारे एक साधे ग्लुकोज बिस्किट वीस-पंचवीस कॅलरींचे असते; म्हणजे तीन बिस्किटांत त्याचा दिवसाचा खाऊ संपला. तूप लावलेली एक पोळी दीडशे कॅलरींच्या आसपास जाते. ती त्याच्या दिवसाच्या अन्नाचा चौथा हिस्सा होय. मोठ्या माणसाने पोटभर जेवण झाल्यावर आणखी चार-पाच पोळ्या खाव्यात, तसाच हा प्रकार आहे. घरातील पाच माणसांनी प्रत्येकी दोन बिस्किटे, एकमेकांना न सांगता, घातली तर काय होते हे सांगावयास नको. पुष्कळ घरांत नेमके हेच घडते. आजोबा चहाच्या वेळी, सूनबाई पोळ्या लाटताना, मुले शाळेतून आल्यावर. प्रत्येकाचा हात थोडासाच असतो, पण पोट एकच असते. यावर उत्तम तोड म्हणजे दिवसाचा खाऊ सकाळीच एका डबीत काढून ठेवावा आणि सर्वांनी त्या डबीतूनच द्यावा. डबी रिकामी झाली की दिवस संपला.

खाऊ कोणता द्यावा हे पाहण्यापूर्वी कोणता देऊ नये हे पाहणे अगत्याचे आहे. कारण मराठी स्वयंपाकघरातील काही नित्याचे पदार्थ कुत्र्याला अक्षरशः विषासमान आहेत. त्यांत पहिला क्रमांक कांदा-लसणाचा. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात आणि त्या फुटू लागल्याने पंडुरोग होतो. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एकदम पोटात गेला तर अपाय संभवतो; म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 50 ग्रॅमचा एक लहान कांदाही पुरे. कांदा शिजविल्याने किंवा तळल्याने त्याचा हा गुण जात नाही, आणि लसूण तर कांद्याहून तीव्र असतो. तेव्हा रस्सा-आमटीत बुडविलेला भाताचा गोळा कुत्र्यापुढे टाकण्याची सवय सोडून देणेच बरे. अपायाची चिन्हे त्याच दिवशी दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा धोका द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांचा. यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि निर्धोक प्रमाण म्हणून कोणताही आकडा सांगता येत नाही. याचे कारण पुष्कळ वर्षे गूढ होते. अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधेसंबंधी सल्ला देणाऱ्या केंद्रातील पशुवैद्यांनी 2021 साली असे मत मांडले की, द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हेच याच्या मुळाशी असावे. हेच आम्ल चिंचेत विपुल असते. त्यामुळे चिंचेचा कोळ घातलेली आमटी, सार, पंचामृत यांपासूनही कुत्र्याला दूर ठेवणे शहाणपणाचे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घरातील मुलांनी प्रेमाने कुत्र्याला भरवावा हे स्वाभाविक आहे, परंतु त्यातील बेदाणे आणि तूप ही दोन्ही त्याच्या प्रकृतीला मानवणारी नाहीत.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते; चॉकलेट जितके काळे आणि कडू, तितके अधिक अपायकारक. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंग गम, गोळ्या आणि काही जातींचे शेंगदाण्याचे लोणी हा अलीकडचा धोका आहे. माणसाला निरुपद्रवी असलेल्या या द्रव्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या-एक तासात एकाएकी उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. जायफळ मोठ्या प्रमाणात, चहा-कॉफी, मद्य आणि यीस्ट घातलेले कच्चे पीठ हीही याच यादीत येतात. शिजविलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या अणकुचीदार किरच्या होतात आणि त्या घसा किंवा आतडे फाडू शकतात. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दांडा गिळला गेल्यास आतड्यात अडकून बसतो आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. दिवाळीतील चकली, शेव, अनारसे यांसारख्या तळलेल्या पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येण्याचे भय असते. गोमंतकातील घरांनी मासळीचे काटे आणि खारवलेली सुकी मासळी ही दोन्ही कुत्र्याच्या भांड्यात जाऊ देऊ नयेत.

इतकी लांबलचक निषेधसूची ऐकून, मग स्वयंपाकघरात उरले काय, असा प्रश्न गृहिणीला पडेल. पुष्कळ उरले आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असला तरी त्याचे पोट लांडग्याचे राहिलेले नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणारा रस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात मात्र त्या 4 ते 30 पर्यंत आढळतात. मनुष्याच्या चुलीजवळ हजारो वर्षे बसल्याची ही खूण त्याच्या रक्तात उमटली आहे. भाकरीच्या तुकड्यावर त्याचा हक्क आहे, असे म्हणावयास शास्त्राचाही आधार आहे म्हणावयाचा.

घरगुती खाऊचा एक सुलभ प्रकार नाचणीचा. एक वाटी नाचणीचे पीठ, अर्धी वाटी वाफवून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडे एवढेच साहित्य. मीठ, साखर, गूळ, तूप, मसाला यांपैकी काहीही घालू नये. नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने पीठ फुटते. अंड्याने ते बांधले जाते. पीठ घट्ट मळावे, पोळीहून थोडे जाड लाटावे आणि सुरीने कापून साधारण साठ लहान तुकडे करावेत. ओव्हन असल्यास 170 ते 180 अंश सेल्सियसवर पाऊण तासाच्या आत ते कडक होतात. नसल्यास जाड तव्यावर मंद आंचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजावेत व तवा निवेपर्यंत त्यावरच राहू द्यावेत. पूर्ण निवल्यावर कोरड्या डब्यात भरावेत आणि आठवडाभरात संपवावेत. पावसाळ्यात शीतपेटीत ठेवावेत. असा एक तुकडा सुमारे 8 कॅलरींचा होतो. म्हणजे तीन ग्लुकोज बिस्किटांऐवजी 10 किलोच्या कुत्र्याला दिवसातून सात तुकडे देता येतात. कुत्र्याला तुकड्याचा आकार मोजता येत नाही. त्याला किती वेळा मिळाले हे कळते. एक मोठा तुकडा दिल्याने होणारा आनंद सात लहान तुकड्यांनी सात वेळा होतो, हे व्यवहारातले मोठे सूत्र आहे.

ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी काकडीच्या चकत्या, गाजराचे तुकडे, वाफवलेले बीन्स, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी, बिया व साल काढलेले कलिंगड आणि बिया काढलेले सफरचंद आहे. काकडी आणि गाजर यांत उष्मांक इतके थोडे असतात की, लठ्ठपणाकडे झुकलेल्या कुत्र्यालाही ती मोकळ्या हाताने देता येतात. मांसाहारी घरांत कोंबडीचे बिनहाडाचे, बिनमिठाचे उकडलेले मांस किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी यांचे वाटाण्याएवढे तुकडे करावेत. शिकविण्याच्या वेळी यांच्याइतके प्रभावी बक्षीस नाही. एक उकडलेले अंडे सुमारे 70 कॅलरींचे असते. लहान कुत्र्याला ते चौथाई पुरे. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि त्याने जुलाब होतात. त्या मानाने बिनसाखरेचे दही बहुतेकांना थोड्या प्रमाणात सोसते. ते पाण्यात घुसळून, त्यात भोपळ्याचा चमचाभर गर घालून, लहान वाट्यांत गोठविले म्हणजे वैशाखातल्या दुपारी कुत्र्याला चाटावयास थंडावा होतो. मात्र मीठ, हिंग, मिरची घातलेले ताक नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे सर्व खाऊ आहेत, आहार नव्हे. केवळ भाकरी-भाजी किंवा केवळ भात-मांस यांवर कुत्र्याचे पोषण परिपूर्ण होत नाही. चुना, जस्त आणि काही जीवनसत्त्वे कमी पडतात. ज्यांना संपूर्ण आहारच घरी शिजवावयाचा असेल त्यांनी तो पशुवैद्याकडून आखून घ्यावा. तसेच वाढते पिलू, गाभण कुत्री, मधुमेह, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड यांचे दुखणे असलेला कुत्रा यांच्या बाबतीत कोणताही नवा खाऊ वैद्याला विचारूनच सुरू करावा. निरोगी कुत्र्यालाही नवा पदार्थ प्रथम चिमूटभर देऊन एक-दोन दिवस पोट पाहावे.

आता दुसऱ्या अंगाकडे वळणे प्राप्त आहे. खाऊ किती व कोणता याइतकेच तो कसा मिळतो यालाही महत्त्व आहे. स्वीडनमध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना एखादे साधन नीट चालविले की बक्षीस मिळे. त्यांच्या जोडीदारांना तेच बक्षीस काहीही न करता मिळे. बक्षीस समान असूनही स्वतःच्या कर्तबगारीने ते मिळविणारे कुत्रे अधिक उल्हसित दिसले. त्यांची शेपटी अधिक हलत होती आणि पुन्हा त्या खोलीत जाण्यास ते उत्सुक होते. याचा अर्थ असा की, कुत्र्याला पोट आहे तसे मनही आहे, आणि त्या मनाला काहीतरी साधल्याचे सुख हवे असते.

कुत्र्याचे मन मुख्यतः नाकात असते. त्याच्या नाकात शिरलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. एक श्वासासाठी फुप्फुसांकडे जातो आणि दुसरा केवळ वास ओळखणाऱ्या भागाकडे. मनुष्य ज्याप्रमाणे सकाळी वर्तमानपत्र वाचतो त्याप्रमाणे कुत्रा कोपऱ्यावरचा विजेचा खांब वाचतो. कोण येऊन गेले, केव्हा गेले, ओळखीचे की परके, हा सर्व मजकूर त्याला तेथे मिळतो. परंतु फिरावयास नेणारे बहुतेक गृहस्थ त्याला मजकूर पुरा होण्यापूर्वीच साखळीने ओढतात. शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक स्त्रियांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधण्याचा सराव दिला आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीने चालण्याचा. त्यानंतर रिकामी की भरलेली हे सांगता येत नाही अशी वाटी पुढे ठेवली असता, वास घेण्याचा सराव झालेले कुत्रे पूर्वीपेक्षा अधिक आशेने तिच्याकडे गेले. दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. हुंगू दिल्याने कुत्रा आशावादी होतो, असे याचे तात्पर्य. तेव्हा रोजच्या फेरीतील निदान पंधरा मिनिटे कुत्र्याच्या नाकाच्या हवाली करावीत. वेग त्याचा, वाट त्याची, धन्याने केवळ दोरी धरावी.

घरातही या नाकाला काम देता येते, आणि त्यासाठी बाजारातील महागड्या खेळण्यांची गरज नाही. प्रत्येक मराठी घरात, त्यातही बेळगाव-धारवाडकडे, आप्पेपात्र किंवा पड्डूचा तवा असतोच. जुना झालेला एखादा तवा घ्यावा, त्याच्या काही खळग्यांत नाचणीचे तुकडे ठेवावेत आणि सर्व खळगे कुत्र्याला गिळता येणार नाहीत एवढ्या चेंडूंनी झाकावेत. कोणत्या चेंडूखाली खाऊ आहे हे हुंगून काढण्यात कुत्रा रंगून जातो. जुन्या पंचाची लांब पट्टी जमिनीवर पसरून, तीवर तुकडे टाकून, ती सैल गुंडाळून दिली तर ती उलगडणे हा दुसरा खेळ. गोधडीसाठी साठविलेल्या सुती चिंध्या जाळीदार रबरी पायपुसण्याच्या भोकांत घट्ट गाठी मारून ओवल्या की हुंगण्याची चटई तयार होते. तिच्यात दडविलेले मूठभर कोरडे अन्न शोधावयास त्याला पुष्कळ वेळ लागतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेले कागद भरून त्यात खाऊ दडवावा. खोके फाडण्यातही सुख असते, आणि फाटलेले खोके फाटलेल्या गादीपेक्षा स्वस्त पडते. संध्याकाळचे जेवण भांड्यात न घालता असे शोधावयास लावले, तर खाऊचे वेगळे उष्मांकही लागत नाहीत.

खेळ कुत्र्याच्या वंशाला साजेसा असावा. मुधोळचा कुत्रा या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखा आहे. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात ज्याची जोपासना झाली, जो आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्याची ओळख आहे आणि ज्याचे चित्र 2005 साली भारतीय टपाल तिकिटावर झळकले, तो हा कृश, लांब पायांचा प्राणी नाकापेक्षा डोळ्याने शिकार करणारा आहे. त्याला पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग हवा. काठीला दोरी आणि दोरीला फडके बांधून मोकळ्या, कुंपण असलेल्या मैदानात फिरविले की त्याचे पूर्वज जागे होतात. असा कुत्रा सज्जात बांधून ठेवणे हा त्याच्या जातीचा अपमान आहे. लॅब्राडोरला वस्तू तोंडात धरून आणून देण्याची हौस असते. बीगलला मागावर जाण्याची. डॅक्सहुंडला उकरण्याची, त्याला अंगणातील वाळूचा एक कोपरा आंदण द्यावा. आपल्याकडचा गावठी कुत्रा तर सर्वच कलांत थोडा थोडा पारंगत असतो, आणि उष्ण हवा त्याला मानवते. ज्यांना घरी कुत्रा आणावयाचा आहे त्यांनी त्याच्याकडे जरूर पाहावे.

दिवाळीच्या दिवसांत या ज्ञानाचा विशेष उपयोग आहे. फटाक्यांच्या आवाजाने थरथरणाऱ्या कुत्र्याला खाऊ दिला तर भीतीला उत्तेजन मिळते, असा एक समज आहे. तो खरा नाही. भीती ही भावना आहे, बक्षिसासाठी केलेली करणी नव्हे. बर्न येथील संशोधिका स्टेफनी रीमर यांनी बाराशेहून अधिक मालकांकडून माहिती मिळवून 2020 साली प्रसिद्ध केली. आवाज होताच लगेच खाऊ देणे किंवा खेळ सुरू करणे हा उपाय ज्यांनी केला, त्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक लोकांना तो गुणकारी वाटला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद करून आतल्या खोलीत गोठविलेल्या दह्याची वाटी आणि हुंगण्याची चटई घेऊन घरातील एकाने कुत्र्याजवळ बसावे. भीती फार तीव्र असल्यास मात्र सणापूर्वी काही दिवस वैद्याचा सल्ला घ्यावा.

या सर्व खेळांत थोडी सावधगिरी हवी. दोरी, चिंध्या, प्लॅस्टिक गिळण्याची खोड असलेल्या कुत्र्याजवळ खेळ चालू असताना माणसाने बसलेच पाहिजे आणि खेळ संपताच साहित्य उचलून ठेवले पाहिजे. घरात दोन कुत्री असल्यास त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत खेळ द्यावा. अन्नावरून सख्ख्या भावांतही भांडणे होतात. कुत्रा खाऊ शोधीत असताना लहान मुलांनी त्याच्या तोंडाशी हात नेऊ नये. खेळ आरंभी इतका सोपा असावा की कुत्रा हमखास जिंकेल. अडचण पायरीपायरीने वाढवावी. न सुटणारे कोडे पुढे टाकले तर तो हताश होऊन बाजूला जाऊन पडतो, आणि मग विरंगुळ्याचा हेतूच विफल होतो.

या बाबतीत कायद्याचाही शब्द आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील अकराव्या कलमात क्रूरतेची व्याख्या केलेली आहे. मारहाण आणि उपासमार यांच्याच पंक्तीला तेथे आणखी एक गोष्ट बसविली आहे. नेहमी साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम देण्यास मालकाने हयगय केली, तर तीही क्रूरताच होय. भरल्या ताटापुढे बांधलेला कुत्राही पीडित असू शकतो, हे साठ वर्षांहून अधिक काळ या देशाच्या कायद्याने मान्य केलेले आहे.

चपला कुरतडणे, गादी फाडणे, दाराला नखे मारणे, निष्कारण भुंकत राहणे यांना घरोघरी वांडपणा म्हटले जाते. पुष्कळ वेळा तो वांडपणा नसून रिकामपणाची तक्रार असते. आजाराचे कारण नाही याची वैद्याकडून खात्री झाली की अशा तक्रारीला काठीने उत्तर न देता कामाने उत्तर द्यावे. सकाळी पंधरा मिनिटे हुंगत केलेली फेरी, दुपारी घर सोडताना खोक्यात दडविलेला खाऊ, संध्याकाळी दहा मिनिटांचा जातीला साजेसा खेळ आणि डबीतील सात तुकडे. एवढ्याने बहुतेक कुत्र्यांच्या वर्तनात काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. यासाठी फारसा पैसा लागत नाही; लागतो तो वेळ, आणि नेमका तोच देणे माणसाच्या जिवावर येते.

नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, या कथेत तुपाकडेच बहुतेकांचे लक्ष जाते. कुत्र्याच्या प्रकृतीचा विचार करता ते तूप वाटीतच राहिले तरी चालण्यासारखे आहे. ज्या प्राण्याला कोणी हाड म्हणून हाकलील त्याच्या मागे एक माणूस आपले काम टाकून धावला, हा त्या कथेचा मोठा भाग आहे. घरात सोबतीला आणलेल्या मुक्या जिवासाठी दिवसातून अर्धा तास आपले काम बाजूला ठेवून त्याच्याबरोबर चालणे आणि खेळणे, हे त्याच परंपरेला धरून आहे.